पहिल्या ओळीचे भाऊ

भाऊंना रस्त्यानं सरळ जाता येत नसे. नगरमधल्या माळीवाड्याहून दिल्ली दरवाजाला जायचं तर वाटेत जेवढ्या पाट्या तेवढ्यांसमोर ते थांबायचे. स्कूटर कडेला लावायची, मान तिरकी करायची, पाटी मोठ्यानं वाचायची आणि हवेतल्या हवेत बोटानं शब्द खोडायला लागायचं. "'आमचे येथे', खोड. तुमचे येथे नाही तर काय शेजाऱ्याचे येथे? 'सर्व प्रकारची धान्ये', खोड. 'उत्तम व दर्जेदार', दोन्ही खोड. काय राहिलं? 'दळण दळून मिळेल.' बास की!" आतून गिरणीवाला पीठ बसलेल्या भुवया वर करून म्हणायचा, "भाऊ, पेंटरनं दोन दिवस घातलेत त्याच्यात. राहू द्या गरिबाची पाटी."

त्यांचं खरं नाव नगरात पुष्कळांना ठाऊक होतं, मी ते इथं लिहीत नाही. आम्ही भाऊ म्हणायचो. दुकानाच्या गल्लीतले छापखानेवाले त्यांना 'पहिल्या ओळीचे भाऊ' म्हणायचे, कारण कुठलाही मजकूर हातात आला की ते पहिल्या ओळीवरच अडून बसत. सुरुवातीला हँडबिलं, रिक्षातून कर्ण्यावर ओरडायच्या जाहिराती, केबलवर खालून सरकणाऱ्या पट्ट्या, असलं सगळं लिहून द्यायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी त्यांनी कॉम्प्युटरला मोडेम जोडला आणि बाहेर बोर्ड लावला, 'वेबसाईट'. एवढंच. लोक आत येऊन विचारायचे, हे काय मिळतं? भाऊ खूश. "बघ, एका शब्दावर माणूस पायरी चढून आत आला."

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा मला मराठी टायपिंग तेवढं येत होतं. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी. आई आजारी पडली तेव्हा नववीतून शाळा सुटली, पुढं आई गेली आणि मावशीनं मला नगरला आणलं. जिल्हा एकच, पण सकाळी एसटीत बसलं की पोचायला संध्याकाळ. आमच्याकडे चार महिने पाऊस आणि धुकं, इथं उघडा माळ आणि ऊन. मला सारखी भीती वाटायची की कुणीतरी मला 'जा परत' म्हणेल. म्हणून मी शटर उघडायच्या आधी जाऊन उभी राहायचे आणि खुर्चीच्या कडेवर बसायचे, अख्खी खुर्ची घ्यायचे नाही.

पहिल्या दिवशी भाऊंनी विचारलं, "किती शिकलीस?"

"नववी. नापास नाही, सुटली."

"ते असू दे. घरून इथं कशी आलीस ते सांग."

मी सांगितलं. पहाटे दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली. आम्ही फाट्यापर्यंत चालत आलो. गाडी आली. दादा म्हणाले, खिडकीशी बस, उलटी होईल. मग संगमनेरला गाडी बदलली. मग नगर.

भाऊंनी विचारलं, "रडली नाहीस का?"

"उलटी झाली."

ते इतके हसले की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला. "उद्यापासून ये," म्हणाले. मार्कशीट कधी मागितली नाही. दाखला मागितला नाही. जातही विचारली नाही, जी नगरात लोक 'आडनाव काय' म्हणून विचारतात. आज मी ज्या कामावर पोट भरते ते सगळं मी त्यांच्या दुकानात शिकले. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल, मी उपकार विसरले. विसरता आले असते तर बरं झालं असतं.

भाऊंचं शिकवणं म्हणजे चालता बोलता चिमटे. "विशेषण म्हणजे शिळ्या भाजीवरची कोथिंबीर," ते म्हणायचे, "दिसली की समजावं खाली गडबड आहे." मी एकदा कुठल्याशा पानावर 'आपले सहर्ष स्वागत आहे' असं टाइप केलं. त्या काळी पान उघडायला मोडेम किंचाळायचा, फोनची लाइन अडकायची, मग पडद्यावर वरून खाली एक एक पट्टी उतरायची. भाऊ माझ्यामागं येऊन उभे राहिले. "तो बिचारा बायकोचा फोन अडवून बसलाय, बायको ओरडतेय, आणि तू त्याला दारातच हार घालतेस? त्याला आत घे आधी. तो कशाला आलाय ते पहिल्या ओळीत दे."

शिर्डीच्या एका लॉजवाल्याची गोष्ट मी अजून नव्या पोरांना सांगते. तो छापील पत्रकच घेऊन आला होता, 'सर्व सुखसोयींनी युक्त, भक्तांच्या सेवेसाठी सदैव तत्पर' वगैरे. भाऊंनी ते बाजूला ठेवलं. "गरम पाणी किती वाजता येतं?"

"आमच्याकडं? पहाटे तीनपासून. काकड आरतीला जाणारी माणसं असतात ना."

"दुसऱ्या लॉजवर?"

"कुठलं आलंय! सहाशिवाय नाही."

"मग हे काय लिहून आणलंत?" आणि साईटची पहिली ओळ झाली, 'काकड आरतीला निघण्याआधी अंघोळीला गरम पाणी मिळेल.' लॉजवाला नाखूश होऊन गेला, एवढे पैसे देऊन पाण्याचंच लिहिलं म्हणून. पुढं नागपूरचे, सुरतेचे लोक फोन करून 'ते गरम पाणीवाले तुम्हीच का' विचारायला लागले, तेव्हा पेढे घेऊन आला.

एमआयडीसीतल्या एका कारखानदाराला पहिल्या पानावर स्वतःचा शाल घेतलेला फोटो हवा होता. भाऊ म्हणाले, "शेठ, परदेशातला माणूस तुमच्याकडं बोल्ट घ्यायला येणार. तुमचं तोंड बघायला तुमचे व्याही येतात."

"मग माझं तोंड टाकायचं कुठं?"

"शेवटच्या पानावर. तिथंपर्यंत जो येईल त्याला तुमच्याबद्दल माया वाटायला लागलेली असेल."

शेठ विचारात पडले आणि मान हलवून गेले. भाऊंना असं तोंडावर बोलता यायचं, आणि लोक ऐकून घ्यायचे, कारण भाऊ खोटं लिहीत नाहीत ही नगरात त्यांची ख्याती होती. जे दाखवता येईल तेवढंच लिहायचं, हा त्यांचा नेम. लोणचंवाल्या बाईंनी 'घरगुती' म्हटलं तर घर बघायला जायचे. खरंच जायचे. मी बरोबर असायचे.

आणखी एक ते नेहमी म्हणायचे. "हजार माणसांना फायदा झाला असं लिहिलंस की एकही माणूस दिसत नाही. एक घे. त्याला नाव दे. त्याच्या हातात काहीतरी दे. मग वाचणारा हलतो."

दुपारी चहा आला की भाऊ मला घरचं विचारायचे. मला कुणी घरचं विचारत नसे, मावशीलासुद्धा वेळ नव्हता, म्हणून मी सगळं सांगायचे. भाताची लावणी, भिंतीतून झिरपणारं पाणी, आईचं दुखणं. दादांचं तर फार सांगायचे. आमच्याकडं लग्नाकार्यात सगळे घेतात, त्याचं कुणाला काही नसतं, पण दादांनी कधी थेंब तोंडाला लावला नाही. लग्नाच्या मांडवातसुद्धा ताकाचा तांब्या घेऊन बसायचे. वाडीतले लोक त्यांना 'ताकोबा' म्हणून चिडवायचे. भाऊंना ते नाव भलतंच आवडलं. "काय म्हणतात आमचे ताकोबा?" असं अधूनमधून विचारायचे. मला वाटायचं, एवढ्या लांब नगरात माझ्या दादांना ओळखणारं एक माणूस आहे.

मग भाऊंनी स्वतःच्या दुकानाची साईट करायला घेतली. पुण्यातल्या एका संस्थेच्या बऱ्याच शाळा होत्या आणि त्या सगळ्यांच्या साईटचं काम मिळण्याजोगं होतं. त्यासाठी आपली साईट आधी दिसली पाहिजे, आणि ती इंग्रजीत. तेव्हा मराठी अक्षरं पडद्यावर धड दिसायची नाहीत, चित्र करून चढवावी लागायची. इंग्रजी मजकूर भाऊ स्वतः लिहायचे आणि मी तो पानात बसवायचे. मला एबीसीडी यायची, शब्द फुटायचे, अर्थ लागायचा नाही. एक दिवस त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवून फोटो काढला. "आमच्याविषयी या पानावर तुझा फोटो टाकणार. माझं थोबाड बघून कोण येणार?" मला रात्रभर आनंदानं झोप आली नाही. सकाळी तो फोटो मीच पानावर बसवला. शेजारी चार-पाच परिच्छेद होते. त्यात माझं नाव मला सापडलं. 'मंगल' एवढं वाचता आलं, आणि मी ते मावशीलाही येऊन सांगितलं.

त्यानंतर दुकानात येणारी बाहेरची माणसं माझ्याशी वेगळं वागायला लागली. हळूहळू, शब्द तोडून बोलायची. एकानं माझ्यासाठी चिवडा आणला. मग पुण्याच्या त्या संस्थेच्या बाई आल्या. आल्या त्या सरळ माझ्याकडं, आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. "तूच का मंगल? किती गं सोसलंस!"

मला वाटलं, त्या आईचं म्हणताहेत. मी मान हलवली.

"वडील आता त्रास देत नाहीत ना?"

"दादा? दादांचा कसला त्रास?"

बाईंचे डोळे भरून आले. भाऊंकडं वळून म्हणाल्या, "बघा, अजून बापाच्या वागण्यावर पांघरूण घालते." भाऊ खाली वाकून मोडेमची वायर तपासत होते. वायर नीट होती. मीच लावली होती.

बाई गेल्यावर मी विचारलं, "भाऊ, त्या पानावर काय लिहिलंय?"

त्यांनी लपवलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली, पान उघडलं आणि नवी ओळ जमल्यावर ज्या उत्साहानं वाचून दाखवायचे त्याच उत्साहानं मला मराठीत सांगायला लागले. पहिली ओळ होती, 'मंगल पहिलीत होती तेव्हा वडिलांनी तिची पाटी विकली आणि त्या पैशांची दारू प्यायली.' पुढं वडिलांनी मारणं, लहानपणी लग्न लावायला निघणं, मग नगरच्या एका दुकानानं तिला आणून कॉम्प्युटरसमोर बसवणं.

मी पडद्यावरच्या त्या ओळीकडं बघितलं. आणि ओळ चांगली होती. भाऊंनीच मला इतकं तयार केलं होतं की ते मला तेव्हाही कळलं. एकही विशेषण नव्हतं. एक माणूस होता, त्याला नाव होतं, त्याच्या हातात पाटी होती.

"भाऊ, दादा घेत न्हाईत." भीती वाटली की माझी बोली बाहेर यायची.

"माहीत आहे गं."

"मी सांगितलंय तुम्हाला. ताकोबा म्हणतात त्यांना."

"सांगितलंस की. पण ताक पिणाऱ्या बापाचं वाचून पुण्याची बाई गाडी काढून नगरला येईल का? तूच सांग. तू आता लिहिणारी आहेस."

"पण खोटं हाय ते."

"अगं, तुझ्या दादांना कुठं कळणार आहे? इंग्रजीत आहे. तुमच्या वाडीत कोण वाचतंय? तुला तरी कुठं वाचता आलं?"

हे ते रागानं बोलले नाहीत, टोचावं म्हणूनही नाही. आज ऊन फार आहे म्हणावं तसं बोलले. मी रोज सकाळी ते पान उघडत होते, माझा फोटो वाकडा तर झाला नाही ना ते बघायला.

माझा चेहरा बघून ते मवाळ झाले. "बरं, काढतो. बाईंचं काम एकदा हातात येऊ दे, त्याच दिवशी काढतो. भाऊचा शब्द." साईटवर पान चढवायचा पासवर्ड त्यांच्याकडंच असायचा. आणि मला कामाची गरज होती. मी परत टायपिंगला बसले.

भात झोडून झाल्यावर दादांचा निरोप आला, नवा तांदूळ घेऊन येतो, तुझं दुकान बघायचं. दादा नगरला पहिल्यांदाच येत होते. मी म्हटलं, रविवारी या, दुकान बंद असतं, आपण मावशीकडं जेवू. भाऊंना कळलं तर ते म्हणाले, "रविवारी कशाला? शनिवारी दुकानात आण. मला भेटायचंय त्यांना." पुण्याच्या बाई त्याच शनिवारी येणार होत्या हे भाऊंना आधीपासून ठाऊक होतं का, याचा निकाल मला आजही लावता आलेला नाही.

दादा आले. धुतलेली टोपी, खांद्यावर तांदळाचं गाठोडं. भाऊ उठून सामोरे गेले, गाठोडं स्वतः उतरवून घेतलं, स्वतःची खुर्ची दिली. दादा खुर्चीच्या कडेवर बसले. "आमची पोर तुमच्या पदरात टाकली भाऊ. शिकिवलं, कामाला लावलं. तुमी देवावानी हाय आमाला."

"पोरगी हुशार आहे तुमची," भाऊ म्हणाले, आणि ते मनापासून होतं.

चहा येतो न येतो तोच बाहेर गाडी थांबली. बाई आत आल्या, दादांना बघून दारातच उभ्या राहिल्या. "हे मंगलचे वडील?" दादांनी हात जोडले. बाईंनी जोडले नाहीत. दुकानात पाऊल टाकून, मोठ्या आवाजात, बहिऱ्याशी बोलावं तसं त्या म्हणाल्या, "काय काका, आता घेत नाही ना?"

"काय घेत न्हाई?" दादांनी विचारलं.

"दारू हो!"

दादा हसले. चुकून दुसऱ्याच कुणाला विचारलं असेल तसे हसले. मी उठले. "बाई, दादा कधीच..."

"आता सुधारले ते, मॅडम," भाऊ मधेच म्हणाले. "पोरीनंच सुधारलं."

एक वाक्य पुरलं असतं. 'नाही हो, ते मी लिहिलं होतं.' जन्मभर दुसऱ्यांना नेमकं वाक्य शोधून देणाऱ्या माणसाजवळ ते असणारच. मी त्यांच्याकडं बघत राहिले, अजून म्हणतील म्हणून.

दादांनी भाऊंकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होते, आणि ते त्यांना दिसलं असणार. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "व्हय बाई. सोडली. लई दिस झालं."

"शाब्बास!" बाई म्हणाल्या.

रात्र मावशीकडं काढून सकाळी स्टँडवर आम्ही गाडीची वाट बघत बसलो. तोवर दादांनी मला काहीच विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं, काय सांगितलं, का. तिथं म्हणाले, "त्या बाईच्या हातात तुझं काम हाय ना?"

"व्हय."

"मंग झालं तर." गाडी लागली तशी उठले, आणि पायरीवरून वळून म्हणाले, "म्या बराबर बोललो ना गं? तुला काय तरास न्हाई ना व्हनार?"

मी नाही म्हणून मान हलवली.

बाईंचं काम भाऊंना मिळालं. पान तसंच राहिलं. मी आठवण केली, दुसऱ्यांदा केली, मग एक दिवस म्हटलं, "भाऊ, मी येत नाही उद्यापासून."

त्यांना खरंच धक्का बसला. "आता? आता तर खरं काम आलंय! एवढ्यासाठी? अगं, तुझ्या वडिलांनी स्वतः हो म्हटलं की माझ्यासमोर! त्यांना काही वाटलं नाही, तर तुला कशाला वाटावं?"

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते सारवासारव करत नव्हते. दादांच्या त्या शब्दावर त्यांचा खरोखर विश्वास बसला होता. त्यांच्याशी भांडावं असं माझ्या मनात फार होतं, पण त्यानंतर भांडायला काही उरलं नाही. निघताना त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं आणि "लिहिणं सोडू नकोस" म्हणाले. ते मी ऐकलं.

पुण्यात मावशीच्या ओळखीनं काम मिळालं. संध्याकाळी इंग्रजीच्या क्लासला जायला लागले. लोक नोकरीसाठी शिकतात, मी ते एक पान स्वतः वाचायचं म्हणून शिकले. वाचता यायला लागल्यावर एका सायबर कॅफेत जाऊन बसले. पान होतं. माझा फोटो गेला होता. मंगलच्या जागी दुसरंच नाव होतं, म्हणजे माझ्या म्हणण्याचा भाऊंनी विचार केला होता. पाटी विकून दारू पिणारा बाप मात्र तसाच होता, शब्दालाही धक्का न लागता. नव्या नावाची ती मुलगी कोण, खरी की बनवलेली, आणि तिचा बाप काय पितो, मला माहीत नाही.

आता भाऊ नाहीत. त्यांच्या जाण्याची बातमी झेरॉक्सवाल्यानं कळवली तेव्हा मी ऑफिसातून उठून बाहेर गेले आणि खूप रडले. कुणासाठी रडतेय ते माझं मलाच नीट सांगता आलं नसतं.

दादांना मी नगर सोडल्याचं खरं कारण सांगितलेलं नाही. भाऊंनीच मला वरच्या जागेवर पुण्याला पाठवलं, असं सांगितलंय. त्यामुळं दादा वाडीत भाऊंचं नाव निघालं की टोपी सरळ करतात. म्हणतात, "त्या वक्ताला म्या व्हय म्हनलो म्हनून पोरीचं काम टिकलं." आणि मग माझ्याकडं बघतात, बरोबर ना म्हणून. आयुष्यभर जपलेलं त्यांनी एका परक्या बाईसमोर टाकून दिलं, माझ्या नोकरीसाठी. ती नोकरी मी महिन्याभरात सोडली, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?